आधी घड्याळ, मग पत्ता

डिसेंबर २०२३ मध्ये मलेशियानं भारतीय प्रवाशांसाठी व्हिसाची अट सैल केली, आणि त्यानंतर आपल्याकडच्या बोलण्यात पेनांगचं नाव वरचेवर यायला लागलं. जाणारा जो तो एकच विचारतो : तिथलं खरंखुरं, रस्त्यावरचं खाणं कुठं मिळतं? मग कोणीतरी त्याला चार रस्त्यांची आणि सहा गाड्यांची नावं लिहून देतो. तो कागद खिशात घालून पाहुणा निघतो, भर दुपारी एखाद्या प्रसिद्ध रस्त्यावर जाऊन उभा राहतो आणि बघतो तो काय, निम्म्या गाड्यांवर ताडपत्री! मग जवळच्या वातानुकूलित मॉलमध्ये जेवून परत येतो आणि सांगतो, 'पेनांगचं काय एवढं कौतुक करतात, कळत नाही.'

माझं म्हणणं असं, की हा प्रश्नच अर्धा आहे. 'कुठं' हे नंतर विचारावं. आधी 'केव्हा' विचारावं, आणि त्याबरोबर 'तिथं रोज कोण जेवतं' हेही. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की पत्ता आपोआप सापडतो.

गोमंतकीय माणसाला हे खरं तर समजावून सांगायला नको. सकाळी आठ वाजता रॉस ऑम्लेटचा गाडा कोणी शोधत नाही. सकाळ भाजी-पावाची. पातळ भाजी, सुकी भाजी, मिक्स, सोबत एखादी मिरची. गाडा लागतो तो दिवेलागणीला. हे वेळापत्रक कुठं लिहिलेलं नसतं, पण म्हापशापासून काणकोणापर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पेनांगातही असंच आहे, फक्त पदार्थ दहापट आणि त्यामुळे वेळाही दहापट. एकाच जागी सकाळी एक विक्रेता असतो, दुपारी दुसरा, रात्री तिसरा. म्हणून नुसता पत्ता सांगणं म्हणजे बस कुठून सुटते ते सांगून केव्हा सुटते ते न सांगण्यासारखं झालं.

पेनांग हे बेट, आणि जॉर्जटाउन हे त्यावरचं जुनं शहर. १७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटनं इथं वसाहत उभारली. बंदर झालं तशी माणसं आली. मलायी लोक आजूबाजूला होतेच. दक्षिण चीनमधून होक्किएन, तेओचिऊ, कँटनी आले आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून तमिळ आले, त्यांत मुसलमान व्यापारी पुष्कळ. ही बहुतेक एकटी, घरदार मागं ठेवून आलेली माणसं. त्यांना स्वस्त, गरम आणि आपल्या गावच्या चवीचं जेवण हवं होतं, आणि ते पुरवायला त्यांच्यातलेच काहीजण टोपल्या घेऊन उभे राहिले. पेनांगचं रस्त्यावरचं खाणं हे असं हमालांचं आणि मजुरांचं जेवण आहे. त्याचे पर्यटक फार उशिरा आले.

'नासी कांदार' या नावातच हा इतिहास आहे. नासी म्हणजे भात. कांदार म्हणजे खांद्यावरून वाहून नेणं. आपल्या कावडीसारखी एक काठी, एका टोकाला भाताचं भांडं, दुसऱ्या टोकाला कालवणं, अशा थाटात तमिळ मुसलमान विक्रेते बंदरावर जायचे. आता काठी गेली, दुकानं आली. कॅम्पबेल स्ट्रीटवरचं हमीदिया १९०७ सालापासून चालतंय. ताटात भात घ्यायचा, समोरच्या मोठ्या पातेल्यांतून हवा तो तुकडा दाखवायचा, आणि मग वाढणारा माणूस चार-पाच वेगवेगळ्या कालवणांचे रस एकावर एक ओततो. त्या एकत्र रसातच खरी चव. जास्त रस हवा असेल तर 'बांजिर' म्हणायचं. बांजिर म्हणजे पूर. असं जेवण देणाऱ्यांना तिथं 'मामाक' म्हणतात, आणि तो शब्द तमिळमधल्या मामावरून आलेला आहे. आपल्याला वेगळा अर्थ सांगायची गरजच नाही.

आता दिवसाचा क्रम बघू.

सकाळ ही बाजारांची. पुलाऊ टिकुस, चौरस्ता, लेबुह सेसिल, एर इताम, यांतल्या कुठल्याही बाजाराच्या आत किंवा कडेला सातच्या सुमारास जावं. (चौरस्ता हा आपलाच चौरस्ता बरं का. पेनांग रोडवरच्या जुन्या बाजाराचं ते अधिकृत नाव आहे.) केळीच्या पानात बांधलेला नासी लेमाक घ्यावा : नारळाच्या रसात शिजवलेला भात, त्यावर तिखट सांबाल, तळलेली सुकी मासळी आणि अंडं. पुडी मुठीएवढी, कारण ती न्याहारी आहे, जेवण नव्हे. तमिळ विक्रेत्याकडे पुतु मायाम मिळाला तर सोडू नये. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवया, वर खोबरं आणि तपकिरी साखर. आपल्या शिरवळ्यांची सख्खी बहीण म्हणावी अशी. रोटी चनाई, म्हणजे पदर सुटलेला पराठा आणि सोबत डाळीचं कालवण, आणि उंचावरून ओतून फेस काढलेला तेह तारिक हीही मुख्यतः सकाळचीच जोडी. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं मलेशियाच्या न्याहारी-संस्कृतीची मानवाच्या अमूर्त वारशात नोंद केली ती नासी लेमाक, रोटी चनाई आणि तेह तारिक या तिघांना पुढं करून. हॉटेलच्या भाड्यात फुकट नाश्ता आहे म्हणून तिथंच टोस्ट खाणारा माणूस या वारशाला मुकतो. त्याला कोण काय करणार?

दुपार ही आसाम लाक्साची. इथं गोमंतकीयानं जरा थांबावं, कारण हा पदार्थ त्याच्यासाठीच केल्यासारखा आहे. लाक्साचा रस्सा ज्या माशाचा करतात तो तिथला इकान केंबुंग, म्हणजे आपल्या बांगड्याच्या कुळातला. मासे उकडायचे, काटे काढून मांस रस्श्यात कालवायचं आणि आंबटपणासाठी चिंचेबरोबर घालायच्या आसाम गेलुगोरच्या वाळवलेल्या चकत्या. हे फळ भिरंडीच्या जातकुळीतलं आहे, दोन्ही झाडं गार्सिनिया या एकाच वंशातली. म्हणजे बांगडा आणि सोलं! फरक एवढाच, की आपण हे भाताबरोबर खातो आणि तिथं त्यात तांदळाच्या जाड शेवया पडतात. वर पुदिना, काकडी, अननस, कांदा आणि आल्याच्या जातीतल्या एका फुलाच्या गुलाबी कळीचे काप. बाजूला चमचाभर काळपट, गोडसर कोळंबीचा अर्क. बांगड्याचं आंबट तिखट खाऊन वाढलेल्या जिभेला पहिल्या घासाला हे ओळखीचं वाटतं आणि दुसऱ्या घासाला परकं. ही गंमत युरोपातून आलेल्या पाहुण्याला मिळायची नाही. एर इतामच्या बाजाराजवळ, केक लोक सी देवळाच्या पायथ्याशी, लाक्सा खायला दूरदूरची माणसं येतात.

लाक्साच्या तिखटावर उतारा म्हणून चेंदोल. बर्फ, नारळाचा रस, तांदळाच्या पिठाच्या हिरव्या शेवळ्या, राजम्यासारखे लाल दाणे आणि वरून गुला मेलाका. हा गुला मेलाका म्हणजे माडाच्या रसाचा काळा गूळ. माडाचा गूळ म्हटल्यावर आपल्याकडच्या जुन्या पिढीचे डोळे चमकतात, पण आपण तो आता सणासुदीला शोधून आणतो. तिथं तो शाळेतून घरी जाणारं पोर रोज खातं. पेनांग रोडच्या बाजूच्या बोळातला एक चेंदोलवाला १९३६ सालापासूनचा म्हणून प्रसिद्ध आहे.

संध्याकाळ झाली की लोखंडी कढया तापायला लागतात. लोरोंग बारू, लेबुह किंबर्ली, लेबुह चुलिया या रस्त्यांच्या कडेला गाड्या लागतात. पेनांगची होक्किएन मी खावी, म्हणजे सुंगटांची डोकी आणि कवचं परतून उकळलेल्या रस्श्यातल्या शेवया. (क्वालालंपूरमध्ये याच नावानं काळ्या परतलेल्या शेवया मिळतात. नावावर विसंबू नये.) आणि चार क्वे तिआव : तांदळाच्या चपट्या पट्ट्या, सुंगटं, अंडं, मोड आलेले मूग, चिनी पात आणि तिसऱ्यांच्या गोतातले शिंपले, सगळं भडक आगीवर मिनिटा-दोन मिनिटांत परतलेलं. याची एक साधी परीक्षा आहे. करणारा एका वेळी एक किंवा फार तर दोन ताटांपुरतं परततो का? मग थांबा, रांग कितीही असो. सहा ताटांचं एकदम कढईत लोटत असेल तर पुढं चला, कारण एवढा माल पडला की कढई थंडावते आणि परतायचं ते उकडलं जातं.

बसायची रीत माहीत हवी. 'कोपितिआम' म्हणजे चिनी कॉफीचं दुकान. दुकानदार चहा-कॉफी विकतो आणि आपल्या जागेतले कोपरे वेगवेगळ्या खाद्यविक्रेत्यांना भाड्यानं देतो. आपण टेबल धरायचं, त्याचा नंबर बघायचा, हव्या त्या गाड्यावर जाऊन सांगायचं. ताट टेबलावर येतं तेव्हा पैसे द्यायचे. पेयाची विचारणा करायला दुकानाचा माणूस येतो, त्याच्याकडून काहीतरी घ्यायचं. न घेणं हा तिथला उद्धटपणा, कारण त्याची बसायची जागा आपण वापरतो. घासाघीस करायची नाही. सुटे पैसे जवळ ठेवायचे.

आता मुद्द्याचं. परदेशी पाहुण्याला हमखास पाठवतात ते गर्नी ड्राइव्हला. वाईट आहे असं मी म्हणत नाही. समुद्राकाठी एका जागी सगळं मिळतं, आणि एकच संध्याकाळ हातात असेल तर जरूर जावं. पण तिथं येणाऱ्यांत रोजचे किती आणि आज येऊन उद्या जाणारे किती? माझ्या मते कुठल्याही रस्त्यावरच्या खाण्याची चव बनवणारा राखत नाही, रोजचं गिऱ्हाईक राखतं. 'आज मीठ जास्त झालं रे', 'पूर्वीसारखा रस्सा नाही' असं तोंडावर सांगायचा हक्क वीस वर्षं येणाऱ्याला असतो. पर्यटकाला तो नसतो, कारण कालची चव त्याला माहीत नसते. तो फोटो काढतो, छान म्हणतो आणि जातो. डिसेंबर २०२२ मध्ये मिशेलिन गाइडनं क्वालालंपूर आणि पेनांगची पहिली यादी काढली आणि तीत काही साधे गाडेवालेही आले. त्यांना मान मिळाला याचा आनंदच आहे. पण रांग इतकी लांबली की रोजचा म्हातारा गिऱ्हाईक दुसरीकडे जायला लागला, तर त्या गाड्याचा परीक्षकच गेला.

आणि हा रोजचा गिऱ्हाईक जुन्या शहरातून आधीच हलला आहे. युद्धापूर्वीच्या, म्हणजे १९४८ च्या आधी बांधलेल्या घरांची भाडी मलेशियात १९६६ च्या कायद्यानं बांधलेली होती. तो कायदा रद्द झाला आणि १ जानेवारी २००० पासून जॉर्जटाउनमधली भाडी मोकळी झाली. पिढ्यानपिढ्या दुकानावरच्या माडीत राहणारी कुटुंबं उपनगरांत गेली. ७ जुलै २००८ ला जॉर्जटाउन आणि मेलाका या दोन शहरांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि त्या रिकाम्या घरांत छोटी हॉटेलं, कॅफे आणि भिंतचित्रं आली. घरं वाचली हे खरं, पण माणसं गेली. म्हणून माझा सल्ला : एक दिवस जुन्या शहरात खा, दुसऱ्या दिवशी लोक राहायला गेले तिथं जा. एर इताम, जेलुतोंग, बायान बारू इथले कोपितिआम आणि 'पासार मालाम', म्हणजे रात्रीचे बाजार, बघा. हे रात्रबाजार बहुधा ठरलेल्या वारी ठरलेल्या वस्तीत भरतात, आपल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासारखे. हॉटेलच्या स्वागतकक्षात विचारण्यापेक्षा टॅक्सीवाल्याला विचारावं, आणि तेही 'चांगलं कुठं मिळतं' असं नव्हे, तर 'तुम्ही आज कुठं जेवणार' असं.

एका गोष्टीवर पेनांगच्या लोकांशी माझा मतभेद आहे. जुने विक्रेते थकले, त्यांची मुलं शिकून कारखान्यांत आणि कचेऱ्यांत गेली, आणि गाड्यांवर परदेशी मजूर परतायला उभे राहिले. त्यानं चव बिघडते अशी ओरड झाली, आणि १ जानेवारी २०१६ पासून राज्य सरकारनं गाड्यांवर स्थानिक पदार्थ शिजवायला परदेशी आचारी ठेवण्यावर बंदी घातली. भावना समजते. पण ज्या पदार्थांचं रक्षण करायचं ते सगळे बाहेरून आलेल्यांनीच रांधलेले होते ना? कावड घेऊन बंदरावर जाणारा तमिळ काय, कढई घेऊन बसलेला तेओचिऊ काय, सगळे आपापल्या काळचे परदेशी मजूरच. हात कुठं जन्मला यानं चव ठरत नाही. तो किती वर्षं एकाच कढईपुढं उभा राहिला आणि त्याला कोणी शिकवलं यानं ठरते. बंदीनं परका हात हलतो, पण त्या जागी घरचा पोरगा येऊन उभा राहत नाही. तो यायचा असेल तर पहाटे चारला उठून रात्रीपर्यंत राबणाऱ्याला त्या कष्टाचं मोल मिळालं पाहिजे. रस्त्यावरचं म्हणजे स्वस्तच हवं, हा आपला सर्वांचा हट्ट त्या पोराला आधी घालवतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी. 'दागिंग' म्हणजे बहुधा गोमांस, 'बाबी' म्हणजे डुकराचं मांस, 'आयाम' कोंबडी, 'इकान' मासे, 'उदांग' सुंगटं, 'तेलुर' अंडं. एवढे शब्द आले तर घोटाळा होत नाही. मलायी आणि मामाक यांच्याकडचं हलाल असतं. चिनी गाड्यांवर डुकराची चरबी असू शकते. शाकाहाऱ्यांची कुचंबणा होते असं म्हणतात ते पूर्ण खरं नाही. लिटल इंडियात केळीच्या पानावरचं दाक्षिणात्य जेवण मिळतं, आणि बौद्ध चिनी लोकांची शुद्ध शाकाहारी खाणावळही असते, कारण चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी त्यांच्यातले पुष्कळजण शाकाहार पाळतात. मात्र साध्या दिसणाऱ्या भाजीतही 'ब्लाचान' असतो, म्हणजे बारीक कोळंबीचा आंबवून सुकवलेला गोळा. श्रावण पाळणाऱ्यांनी विचारून घ्यावं. बाकीच्यांनी तो मुद्दाम हुंगून बघावा, कारण आपल्या बाल्चांवचं नाव याच ब्लाचानशी जोडलं जातं. आल्बुकेर्कनं १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५११ मध्ये मलाक्का. त्यानंतर दोन्ही किनाऱ्यांमध्ये जी ये-जा झाली, तीत तोफा आणि पाद्रीच नव्हते, बरण्याही होत्या.

सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. दोन्ही वेळा 'इंडियन बुफे' आहे हे ऐकून खूश होऊ नका. पनीर आणि दालफ्राय पणजीत मिळते. आणि 'आपलं' जेवणच हवं असेल तर नासी कांदार, पासेंबुर, मामाकची मी गोरेंग हेही भारतातून गेलेल्यांनीच घडवलेलं आहे, दोन-दोन शतकं तिथल्या मातीत मुरलेलं. मार्गदर्शकाला सांगून एक तरी संध्याकाळ मोकळी मागून घ्या.

हे सगळं लिहायचं कारण फक्त पेनांग नाही. आपल्याकडेही गाडे आहेत, आणि त्यांच्याबद्दलही हेच दोन सूर ऐकू येतात : गाडा भाड्यानं देऊन मालक घरी बसला, आता बाहेरचा माणूस रॉस करतो, आणि गाड्यांमुळे शहर घाण दिसतं, हलवा त्यांना. पहिल्याचं उत्तर वर दिलंच आहे. रॉसमध्ये नारळ कमी पडला तर सांगणारं गिऱ्हाईक हवं, जन्मदाखला तपासणारं नको. दुसऱ्याचं उत्तर कायद्यात आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं प्रत्येक शहरात विक्रेत्यांची समिती सांगितली आणि तिच्यात निदान चाळीस टक्के सभासद विक्रेतेच असावेत असंही म्हटलं. आपल्या पालिकेच्या समितीत आपल्या नाक्यावरचा गाडेवाला आहे का, हे विचारायला पैसे पडत नाहीत. पेनांगच्या पालिकेनं गाडेवाल्यांना परवाने दिले, छप्पर, पाणी आणि मोरी असलेली संकुलं बांधून दिली. ती नीटनेटकी आहेत असं नाही, पण गाडेवाला म्हणजे उपद्रव असं तिथं कोणी मानत नाही. तो शहराचा स्वयंपाकी आहे.

तर पेनांगला जाल तेव्हा पहाटे उठा, दुपारी बांगड्याची आंबट वाटी शोधा, रात्री एका ताटासाठी अर्धा तास उभे राहा. आणि परत आल्यावर आपल्या कोपऱ्यावरच्या गाड्यावर महिन्यातून चारदा तरी जा. रॉस पातळ झाला असेल तर त्याला तसं सांगा.